गल्ल्यातील रोकड आणि कागदावरचे मोल

मुंबईतील एका ऑनलाईन औषधविक्रेत्या कंपनीची रोकड संपेल काय, ह्या प्रश्नाशी आदिलाबादच्या धान्यव्यापाऱ्याचा काय संबंध, असे एखादा वाचक विचारील. संबंध आहे, व तो दुहेरी आहे. आपल्या सभासदांच्या आप्तेष्टांत औषधांची दुकाने चालविणारी घराणी पुष्कळ. ज्या कंपन्या घरपोच औषधे पाठवून त्यांचे गिऱ्हाईक ओढतात, त्यांतल्याच काही दुसऱ्या हाताने त्यांना ठोक मालही पुरवितात. दुसरे असे की, आपल्या घरांतील तरुणांनी गेल्या चार-पाच वर्षांत अशा कंपन्यांचे शेअर, बाजारात नोंद होण्याआधीच, दलालांमार्फत घेऊन ठेवले आहेत. 'काकाजी, कंपनी बुडेल का हो?' हा प्रश्न गंजात बसल्या जागी आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला की, स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचे ठरताच दुसरा विषय सुचला नाही.

कंपनीचे नाव फार्मईझी. २०१५ साली मुंबईत ती सुरू झाली. पुढे औषधांच्या ठोक वितरणाचा मोठा व्यवसाय तिच्याशी जोडला गेला आणि सर्वांवर एपीआय होल्डिंग्ज ही मूळ कंपनी उभी राहिली. २०२१ हे तिच्या भरभराटीचे वर्ष. करोनाच्या साथीमुळे लोक घराबाहेर पडत नव्हते, परदेशांत पैसा स्वस्त होता, आणि अमेरिका, कॅनडा, सिंगापूर येथील मोठे भांडवलदार हिंदुस्थानातील नव्या कंपन्यांच्या दारी थैल्या घेऊन उभे होते. त्या एका वर्षात फार्मईझीने बंगळुरूची मेडलाईफ ही प्रतिस्पर्धी कंपनी आपल्यात सामावून घेतली आणि जूनमध्ये नवी मुंबईच्या थायरोकेअर ह्या रक्तचाचणीच्या कंपनीतील ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. भाव लागला शेअरमागे १,३०० रुपये. थायरोकेअरचे संस्थापक डॉ. वेलुमणी हे तामिळनाडूतील गरीब शेतकरी कुटुंबातले. भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी सोडून १९९६ मध्ये त्यांनी ही कंपनी काढली, वाढविली, आणि पंचवीस वर्षांनी रोख मोजून घेऊन ते मोकळे झाले. सबंध कथेत ज्याच्या हाती खणखणीत रोकड आली असा प्रमुख पुरुष आम्हांस तरी हा एकच दिसतो.

त्याच वर्षी कंपनीचे मोल साडेपाच अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे त्या वेळच्या भावाने चाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक ठरविण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ६,२५० कोटी रुपयांच्या जाहीर शेअरविक्रीचे कागद सेबीकडे दाखल केले. त्यांतील सुमारे १,९०० कोटी जुनी कर्जे फेडण्यासाठी होते. हा आकडा वाचकांनी ध्यानी ठेवावा. पुढील सारा घोटाळा त्यातूनच निर्माण झाला आहे.

कारण असे की, कर्ज आधी काढले गेले होते आणि ते फेडावयाचे होते अद्याप न आलेल्या पैशातून. खळ्यावर न आलेल्या तुरीवर मुलीचे लग्न ठरविणारे गृहस्थ आपण पाहिले आहेत. तूर बहुधा येतेही, परंतु लग्नाची तिथी आधी येते. त्याच नोव्हेंबरात पेटीएमची १८,३०० कोटींची विक्री झाली. २,१५० रुपयांस दिलेला शेअर नोंदणीच्या पहिल्याच दिवशी सुमारे सत्तावीस टक्के कोसळला आणि नव्या कंपन्यांविषयीची हौस ओसरली. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढविण्यास आरंभ केला आणि थैल्या घेऊन उभे असलेले लोक थैल्यांसह माघारी गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये फार्मईझीने आपले कागद सेबीकडून परत घेतले. जाहीर विक्री झाली नाही. थायरोकेअरच्या खरेदीपायी झालेले कर्ज मात्र डोक्यावर होतेच. ते फेडण्यासाठी गोल्डमन सॅक्स ह्या अमेरिकन पेढीकडून २,२८० कोटींचे दुसरे कर्ज काढण्यात आले.

इथे आम्हांस वडिलांच्या तोंडून ऐकलेली हाली सिक्क्याची हकीगत आठवते. निजामाच्या राज्यात चालणारे नाणे ते हाली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे ते कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा दर असे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, त्यानंतरही काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात होती. आदिलाबादच्या व्यापाऱ्याची विक्री हालीत, नफा हालीत, घरचा खर्च हालीत. पण मुंबईच्या हुंडीचा भरणा कलदारात. ज्याच्या वहीत हालीचा नफा भरपूर, पण हुंडी पिकण्याच्या दिवशी कलदार हाती नाही, अशा व्यापाऱ्याची अब्रू जावयास एक दिवस पुरे होई. त्याचा धंदा खोटा नसे. त्याच्यापाशी योग्य दिवशी योग्य नाणे नसे, एवढेच.

चाळीस हजार कोटींचे मोल हे हाली होते. कर्ज व व्याज कलदारात होते.

आता तोट्याकडे पाहू, कारण वृत्तपत्रे तोट्याचे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात आणि वाचणारा दचकतो. २०२१-२२ मध्ये एपीआय होल्डिंग्जचे उत्पन्न ५,७२९ कोटी व तोटा ३,९९२ कोटी होता. २०२२-२३ मध्ये उत्पन्न ६,६४४ कोटींवर गेले व तोटा ५,२०० कोटींच्या पुढे. पुढल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, उत्पन्न घटून ५,६६४ कोटींवर आले आणि तोटाही निम्म्याहून खाली, २,५३३ कोटींवर उतरला. सामान्य वाचक समजतो की ५,२०० कोटी रुपये गल्ल्यातून बाहेर गेले. तसे नाही. त्या वर्षीच्या तोट्यातील मोठा हिस्सा, ज्या कंपन्या चढ्या भावाने घेतल्या होत्या त्यांचे मोल वहीत खाली लिहिल्यामुळे आला आहे. गोदामातील माल शंभराने घेतला, भाव साठावर उतरला, म्हणून दिवाळीच्या ताळेबंदात साठ धरला, तर चाळीसाचा तोटा झाला खरा, परंतु त्या दिवशी गल्ल्यातून एक रुपयाही हलला नाही. तो पूर्वी, खरेदीच्या दिवशीच हलला होता.

म्हणून 'तोटा किती?' ह्या प्रश्नाने रोकडीचा थांग लागत नाही. खरा प्रश्न असा: महिन्याकाठी गल्ल्यातून निव्वळ किती जाते, आज शिल्लक किती, आणि पुढची देण्याची तारीख कोणती? पहिल्या दोहोंचा भागाकार केला की महिने निघतात. ते महिने तारखेच्या अलीकडे संपतात की पलीकडे, एवढेच पाहावयाचे. आमच्या मुनीमजींना हा हिशेब शिकवावा लागत नाही. मार्गशीर्षात ते तो रोज सायंकाळी करतात.

व्याजाचा भार किती असतो हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. प्रत्यक्ष दर बाजूला ठेवून शेकडा बारा धरला, तरी २,२८० कोटींवर वर्षाला सुमारे २७४ कोटी व्याज होते, म्हणजे दिवसाला ७५ लाख. रविवारही आला, संक्रांतही आली. औषधाच्या व्यापारात सुटते किती हे त्यासमोर ठेवावे. सरकारच्या किंमत-नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ दुकानदारास शेकडा १६ व ठोक विक्रेत्यास साधारण ८ सुटतात. नियंत्रणाबाहेरील औषधांत वीस व दहा असा बाजाराचा रिवाज आहे. दुकानदाराला जे पंधरा-वीस टक्के सुटावयाचे तेच गिऱ्हाइकाला सूट म्हणून देऊन टाकावयाचे, वर घरपोच पाठविण्याचा खर्च सोसावयाचा, आणि जाहिरात निराळी. त्या व्यापारातून दिवसाचे ७५ लाख व्याज कसे निघणार? ते भांडवलातून जाते. दुसऱ्याच्या भांडवलातून जाते तोवर कोणी विचारत नाही.

औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने २८ सप्टेंबर २०१८ रोजी ऑनलाईन औषधविक्रीविरुद्ध देशभर बंद पाळला. आमच्या भाच्याचेही दुकान त्या दिवशी बंद होते. सुटीसारखे वाटले, असे तो म्हणाला. परंतु अशा कंपन्यांना जी ओहोटी लागली ती बंदमुळे नव्हे. व्याजदर चढले म्हणून लागली.

जून २०२३ मध्ये बातमी आली की गोल्डमन सॅक्सच्या कर्जाच्या काही अटी फार्मईझीकडून मोडल्या गेल्या आहेत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हुंडी अद्याप पिकली नव्हती, पण सावकार दारात येऊन बसला होता. थायरोकेअरचे जे शेअर कंपनीने घेतले होते ते तारणात होते. १,३०० रुपयांनी घेतलेला तोच शेअर २०२३ च्या पूर्वार्धात बाजारात पाचशेच्या आसपास घुटमळत होता. सोने गहाण ठेवावे आणि सोन्याचाच भाव उतरावा, अशी ती दशा. तारण विकून कर्ज फेडावे तर इतक्या मोठ्या हिश्श्याला घाईच्या बाजारात गिऱ्हाईक बेताचेच.

अशा वेळी तीन वाटा असतात म्हणतात, पण वस्तुतः एकच असते: मालकांनी पुन्हा खिशात हात घालावयाचा. जुलै २०२३ मध्ये कंपनीने जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले. ह्याला राइट्स इश्यू म्हणतात. भाव ठेवला पाच रुपये. पूर्वीच्या मोलाच्या मानाने हा भाव सुमारे नव्वद टक्के खाली होता. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे १,८०४ कोटी रुपये उभे राहिल्याचे प्रसिद्ध झाले. मणिपाल समूहाचे रंजन पै यांच्या कुटुंबाच्या पेढीने त्यांत मोठा वाटा उचलला, आणि जुन्या परदेशी भागधारकांनीही आपापल्या परीने भर घातली. कंपनीचे मोल साडेपाच अब्जांवरून एक अब्ज डॉलरच्याही खाली आले.

नव्वद टक्के खाली, म्हणजे ज्याच्यापाशी शेअर होते त्याचे काय झाले, हे उदाहरणाने सांगितले पाहिजे, कारण आमच्या अनुभवाने सुशिक्षित तरुणांनाही ते नीट उमगलेले नसते. समजा, एका दालमिलचे १०० भाग आहेत व प्रत्येकाचे मोल ५० रुपये. तुमच्यापाशी १० भाग, म्हणजे मिलचा दहावा हिस्सा. मिलला २,५०० रुपयांची गरज पडली. भाव ५० च राहिला तर ५० नवे भाग काढून काम भागते; एकूण भाग १५० होतात आणि तुमचा हिस्सा शेकडा १० वरून शेकडा पावणेसातच्या घरात येतो. पण भाव ५ झाला असेल, तर त्याच २,५०० रुपयांसाठी ५०० नवे भाग काढावे लागतात. एकूण ६०० भाग, तुमच्यापाशी १०. शेकडा पावणेदोनहूनही कमी. नव्या भागांसाठी तुम्ही स्वतः पैसे घातले तरच हिस्सा टिकतो. ज्या गृहस्थाने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले दोन लाख रुपये 'नोंदणी झाली की दुप्पट' ह्या आशेने गुंतविले, त्याच्यापाशी घालावयास दुसरे दोन लाख नसतात. मणिपालच्या पेढीपाशी असतात. मिल तीच, चालूही तशीच, धूरही निघतो आहे. मालक मात्र बदलला.

म्हणून 'रोकड संपेल काय?' ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. अशा मोठ्या कंपनीची रोकड सहसा एका रात्री संपत नाही, कारण ती संपण्यापूर्वी कोणीतरी ती भरतो. भरणारा जी किंमत मागतो ती जुन्या मालकांच्या हिश्श्यातून वळती होते. प्रश्न विचारणाऱ्याने म्हणून आधी हे पाहावे की आपण भरणाऱ्यांपैकी आहोत की ज्यांच्यातून वळते होते त्यांच्यापैकी. एकट्या फार्मईझीविषयी म्हणाल, तर ती लगेच बुडेल असे आम्हांस वाटत नाही. तोटा उतरला आहे. थायरोकेअर ही नफ्यात चालणारी व बाजारात नोंदलेली कंपनी तिच्या हाती आहे, आणि कसोटीच्या वेळी विकता येईल अशी वस्तू घरात असणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि संस्थापकांपैकी तिघे २०२५ च्या प्रारंभी कारभारातून बाहेर पडून नव्या उद्योगास लागले. ज्यांनी दुकान मांडले तेच दुसरीकडे पाट मांडू लागले की आमच्यासारख्या जुन्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते. ही पाल चुकचुकणे हा काही हिशेब नव्हे, हे आम्ही मान्य करतो.

एका गैरसमजाविषयी येथे लिहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये विक्री जवळजवळ हजार कोटींनी घटली, हे ऐकून पुष्कळांनी 'आता संपले' असा निष्कर्ष काढला. ह्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग घरपोच औषधांतून येत नाही, तर औषधदुकानांना ठोक माल पुरविण्यातून येतो. म्हणजे ती मुळात आपल्याच जातीची, ठोक व्यापारी आहे; ऑनलाईन ही तिची दर्शनी ओसरी. ठोक व्यापारात विक्री घटली की रोकड वाढते, हे गंजातल्या कोणालाही ठाऊक आहे. माघ महिन्यात तुरीची आवक जोरात असते. शेतकऱ्यास रक्कम हातोहात द्यावी लागते, दालमिलवाला महिन्याने देतो. आवक जितकी जोराची तितका गल्ला रिकामा. ज्येष्ठात बाजार थंडावतो, जुनी उधारी वसूल होते आणि गल्ला भरतो. धंदा मंद, पेटी मात्र जड. तेव्हा ठोक शाखेने उधारीवरचा, न परवडणारा माल कमी केला असेल तर ती शहाणपणाची खूण आहे, उधारी वसूल होत असेल तर.

किरकोळ ऑनलाईन दुकानाचे ह्याच्या नेमके उलट असते. तेथे गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि माल पुरविणाऱ्याला ते दीड-दोन महिन्यांनी मिळतात. विक्री वाढत असते तोवर पुरवठादारांचे पैसे दुकानाच्या पेटीत खेळत राहतात व पेटी भरलेली दिसते. विक्री घटू लागली की फिरणारे चक्र उलटते: आजच्या थोड्या विक्रीतून दोन महिन्यांपूर्वीच्या मोठ्या खरेदीची देणी भागवावी लागतात. रोकड खरोखर संपते ती इथे. मुंबईत २०१२ साली 'लोकलबनिया' नावाचे किराणा मालाचे ऑनलाईन दुकान निघाले होते. नाव आपल्या लोकांचे, पण २०१५ च्या ऑक्टोबरात त्याने काम थांबविले. बंगळुरूच्या डंझोत जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर घातले. २०२३ मध्ये तेथील नोकरांचे पगार रखडले आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकान मिटले. मोठ्या घरचा पैसा आला म्हणजे तो येतच राहील, असे समजणाऱ्यांनी डंझोकडे पाहावे. आणि दुकान ऑनलाईन नसले तरी नियम बदलत नाही. किशोर बियाणी यांच्या फ्यूचर रिटेलची 'बिग बझार' ही दुकाने २००१ पासून थाटात चालली. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली, भाडी थकली. रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, तो अ‍ॅमेझॉनने वादात अडकविला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने थकलेल्या भाड्याची दुकाने आपल्याकडे घेतली. जुलै २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

मोडीत काढलेल्या कंपनीच्या दारात माल पुरविणारा व्यापारी कोणत्या जागी उभा असतो, हे सभासदांना ठाऊक असणे अवश्य आहे. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात वाटपाचा क्रम ठरविलेला आहे. प्रथम कारवाईचा खर्च. मग तारण असलेले सावकार व कामगारांची दोन वर्षांची देणी. मग इतर नोकर, मग तारण नसलेले वित्तसावकार, मग सरकार व तारणाने न भागलेली सावकाराची बाकी. त्यानंतर उरलेसुरले ते आपल्यासारख्यांचे. कंपनीचे भवितव्य ठरविणाऱ्या सावकारांच्या समितीत पुरवठादारास सामान्यतः मतही नसते. इतकेच नव्हे, मार्च २०२० पासून एक कोटीहून कमी येणे असणाऱ्याला हा अर्जच करता येत नाही. आपल्यापैकी कितीजणांचे एका गिऱ्हाइकाकडे एक कोटी येणे असते? असू नये, हेच बरे.

दुसरे एक कवच आपले आहे असे पुष्कळांस वाटते, पण ते नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम ४५ दिवसांच्या आत दिलीच पाहिजे, न दिल्यास व्याज, आणि १ एप्रिल २०२४ पासूनच्या आकारणी वर्षात तो खर्च आयकरातही धरू दिला जात नाही, असा नियम आहे. तो ऐकून आपल्यापैकी अनेकांनी उद्यम नोंदणी करून घेतली. परंतु जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना ह्या नोंदणीत जे घेतले ते केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरते. उशिरा मिळणाऱ्या रकमेविरुद्धचे संरक्षण कारखानदार व सेवा देणारे यांस आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्यास नाही. दालमिल चालविणारा सभासद त्या छत्राखाली येतो, शेजारचा आडत्या येत नाही. त्यात भर म्हणजे जीएसटी लागणारा माल उधारीवर दिला, तरी कर पुढील महिन्याच्या २० तारखेस आपल्या खिशातून भरावयाचा. गिऱ्हाइकाने रक्कम बुडविली तर माल गेला, रक्कम गेली, आणि कर मात्र आपणच भरलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाईन किराणा कंपनीच्या वतीने एक तरुण गृहस्थ आमच्या पेढीवर आले होते. कंपनीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. तूरडाळ हवी होती, महिन्याला दोन गाड्या, साठ दिवसांच्या उधारीवर. भाव बाजाराहून क्विंटलमागे चांगला चढा देत होते. आमच्या धाकट्या चिरंजीवांचे डोळे लकाकले. आम्ही चहा सांगितला व कंपनीचा ताळेबंद मागितला. गृहस्थ किंचित हसले; मोबाईलवर कंपनीचे मोल किती अब्ज आहे ते दाखविले. ताळेबंद काही आला नाही.

तो त्यांनी न दिला तरी चालते, हे चिरंजीवांनीच आम्हांस दाखवून दिले. केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की कोणत्याही कंपनीने दाखल केलेले कागद पाहता येतात. पतमापन करणाऱ्या संस्थांचे अहवाल तर फुकट वाचावयास मिळतात. त्यांत आम्ही विक्रीचे व नफ्याचे पान वाचले नाही. रोख प्रवाहाचे पान पाहिले: धंद्यातून पैसा येतो की जातो. मग कर्जाखालची टीप: कोणते कर्ज कोणत्या वर्षी फेडावयाचे. मग व्यापारी देणी, मागल्या वर्षी किती व यंदा किती; विक्री तेवढीच राहून ही देणी फुगली असतील, तर पुरवठादारांच्या पैशावर दिवस काढणे चालले आहे असे खुशाल समजावे. शेवटी हिशेब-तपासनिसाचा शेरा. 'व्यवसाय पुढे चालू राहील' ह्या गृहीताविषयी त्याने काही शंका नोंदविली आहे काय. अर्धा तास लागला. चष्मा पुसण्याची वेळ धरून.

त्या कंपनीची देणी वर्षभरात दुपटीच्या जवळ गेली होती. आम्ही कळविले की भाव तुमचा नको, बाजारभावानेच देऊ, परंतु रक्कम आधी. महिनाभर उत्तर आले नाही. मग एका गाडीची रक्कम बँकेत जमा झाल्याचा निरोप आला, आणि त्या दिवशी दुपारी गाडी भरली. दुसऱ्या गाडीचे पैसे पुढे आलेच नाहीत, म्हणून दुसरी गाडी निघाली नाही.